दरडीचा नकाशा वाचायचा कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात दरडप्रवण भागांच्या नकाशांवर दोन पानं दिली आणि त्यानंतर पत्रांचा, मेलचा ढीग पडलाय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. भेगांबद्दलचं एक पत्र शेवटी घेतलंय, पण डोंगरावर किंवा पायथ्याला राहणाऱ्यांनी ते सगळ्यात आधी वाचलं तरी चालेल, किंबहुना तसंच करा.

प्रश्न: ताई, डोंगरउतारावर घरासाठी एक प्लॉट बघितलाय. सरकारी नकाशावर तो भाग पिवळा आहे, म्हणजे मध्यम. विकणारा म्हणतो लाल नाहीये ना, मग बिनधास्त घ्या. घेऊ का?

उत्तर: रंग बघायच्या आधी नकाशाच्या कोपऱ्यात स्केल काय लिहिलंय ते बघा. बहुतेक करून १:५०,००० असेल, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर. पेन्सिलीने एक मिलिमीटर जाडीची रेघ मारलीत तर ती जमिनीवर ५० मीटर रुंद होते आणि तुमचा अख्खा प्लॉट त्या रेघेखाली झाकला जातो, म्हणजे पिवळा कुठे संपला आणि लाल कुठे सुरू झाला हे तुमच्या कुंपणाच्या हिशोबात या नकाशावरून सांगताच येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून जो राष्ट्रीय प्रकल्प घेतला त्यात चार लाख चौरस किलोमीटरहून जास्त डोंगराळ भागाचे नकाशे याच स्केलवर झालेत आणि भूकोश पोर्टलवर ते कुणालाही बघता येतात. फार मोलाचं काम आहे ते. रस्ता कुठल्या अंगाने न्यायचा, नवी वसाहत कुठल्या खोऱ्यात नकोच, पुढचा बारीक सर्व्हे आधी कुठे करायचा हे त्याच्यावरून ठरवता येतं. एका प्लॉटचा निकाल मात्र त्याच्यावर लागत नाही, त्यासाठी १:१०,००० किंवा त्याहून बारीक नकाशा हवा आणि जागेवर चालत जाणारा माणूस हवा.

दुसरं, तो पिवळा रंग डोंगर आज जसा उभा आहे तसा धरून दिलेला असतो. तुम्ही घरासाठी सपाट जागा करायला जेसीबी लावणार, डोंगराचा पाय कापणार, निघालेली माती पुढच्या उताराला लोटून देणार आणि त्याच भरावावर गच्ची किंवा पार्किंग काढणार, म्हणजे वरच्या उताराचा आधार गेला आणि खालच्या उतारावर ओझं आलं. यानंतर तो उतार नकाशातला उतार राहतच नाही. मी एकदा अशीच एक कटिंग बघायला गेले होते, साधारण दोन माणसं उंच, सरळ उभी कापलेली. वर हातभर लाल माती, मुळं लोंबत होती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, बोटाने दाबला की भुगा होणारा, आणि त्याच्याखाली कातळ. पाऊस थांबून तीन महिने झाले होते तरी मुरूम आणि कातळ जिथे भेटतात तिथे एक ओली रेघ आडवी गेलेली, हात लावला तर बोटं गार आणि ओली. डोंगरातलं पाणी कुठून वाहतं आणि वरचा थर कशावरून घसरणार हे ती रेघ सांगत होती. मालकांनी ती रेघ रोज बघितलेली, त्यांना वाटलं होतं की बरंय, विहिरीला पाणी लागेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपण आपल्या प्लॉटचा रंग बघतो, आपल्या डोक्यावरच्या डोंगराचा बघत नाही. दरड सुटते एकीकडे आणि पोचते भलतीकडे. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला जे झालं ते आठवा, दरड सुटली ती वर डोंगरात आणि दगड, माती, झाडं, पाणी यांचा लोंढा ओढ्याच्या पात्रातून साधारण ८ किलोमीटर खाली गेला. मुंडक्कई, चूरलमला या वस्त्या ओढ्याकाठी, तुलनेने सपाट जागेवर होत्या, नुसता उतार मोजला असता तर ती जागा चांगली म्हणूनच निघाली असती. अडीचशेहून जास्त माणसं गेली. म्हणून तुमच्या प्लॉटपासून वर बघा, माथ्यापर्यंत. वर घळ आहे का, ती घळ खाली कुठे मोकळी होते, प्लॉटमध्ये मातीत रुतलेले मोठमोठे धोंडे आहेत का जे तिथल्या कातळाचे वाटत नाहीत, ओढ्याच्या तोंडाशी जमीन पंख्यासारखी पसरलीय का. असं असेल तर तिथे आधी कधीतरी लोंढा येऊन गेलाय.

तर घेऊ का, याचं माझं उत्तर असं की वरच्या डोंगरासकट जागा एखाद्या भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. विकणाऱ्याला रंग माहितीये, स्केल माहिती नाही.

प्रश्न: हे नकाशे कम्प्युटरवर बसून बनवतात की खरंच कुणी डोंगरात जातं?

उत्तर: दोन्ही. आधी जुन्या दरडींची नोंद करतात, उपग्रहाची चित्रं बघून आणि गावोगाव फिरून. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये जो भूस्खलन ॲटलास काढला त्यात १९९८ ते २०२२ मधल्या साधारण ८०,००० दरडींच्या नोंदी आहेत, १७ राज्यं आणि २ केंद्रशासित प्रदेश मिळून. मग बघायचं की या दरडी कशा जागी झाल्या. उतार किती अंशाचा, खडक कोणता, त्याच्या भेगा कुठल्या दिशेला झुकल्यात, मातीचा थर किती जाड, ओढा किंवा रस्ता किती जवळ, वर जंगल की शेत. ज्या गोष्टी दरडीच्या जागी पुन्हा पुन्हा सापडतात त्यांना जास्त वजन द्यायचं आणि सगळ्या भागाला त्या वजनांनी मोजायचं. काही दरडी मुद्दाम बाजूला ठेवतात आणि नकाशा तयार झाला की त्या लाल भागात पडतात का ते तपासतात, म्हणजे नकाशाची परीक्षाच.

जंगल दाट असेल तर उपग्रहाच्या साध्या चित्रात काहीच कळत नाही. तिथे विमानातून लेझर टाकून जमीन मोजतात, त्याला लायडार म्हणतात, आणि नंतर कम्प्युटरवर त्या चित्रातली झाडं काढून टाकून नुसती जमीन बघता येते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे २२ मार्च २०१४ ला डोंगर सुटून ४३ माणसं गेली, तिथल्या लायडार चित्रांत त्याच खोऱ्यात एकावर एक जुन्या दरडींचे व्रण अगदी स्वच्छ दिसतात, आणि तोच उतार २००६ मध्येही घसरला होता. माहिती होती. घरं तरीही तिथेच होती.

प्रश्न: इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं तेव्हा विधानसभेत सांगितलं गेलं. मग या याद्या आणि नकाशांचा उपयोग तरी काय?

उत्तर: या एका प्रश्नाची बारा पत्रं आलीत, आणि राग आहे सगळ्यांच्या लिहिण्यात. तो राग बरोबर आहे.

१९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पोटातली वाडी, गाडी जायला रस्ता नाही, बचाव पथकाला अंधारात पावसात चढून जावं लागलं. त्याआधीच्या तीन दिवसांत साधारण ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. त्याआधी २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये, ऐंशीहून जास्त माणसं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, १५१ माणसं. जुलैचाच महिना तिन्ही वेळा, आणि तिन्ही ठिकाणी गाव डोंगराला चिकटून.

आता यादी आणि नकाशा यातला फरक समजून घ्या, कारण बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. यादी गावांची असते, आणि त्यात नाव येतं ते बहुतेक वेळा आधी काही घडलंय, कुणी तक्रार केलीय, कुणी पाहणी करून गेलंय म्हणून. म्हणजे ज्या वाडीला आवाज नाही, रस्ता नाही, जिथे कुणी अधिकारी सहज पोचत नाही, ती यादीत यायची शक्यता सगळ्यात कमी, आणि डोंगराच्या सगळ्यात जवळ तीच. नकाशा गाव बघत नाही, डोंगर बघतो. तिथे आधी दरड पडलीय की नाही यावर तो थांबत नाही, पडलेल्या जागेसारखी जागा दुसरी कुठे आहे ते शोधतो. म्हणून यादी नकाशावरून तयार व्हायला हवी. डोंगराचा नकाशा घ्यायचा, त्याच्यावर प्रत्येक वाडी, पाडा, शाळा ठेवायची, वरून सुटलेला लोंढा कुठून जाईल त्या वाटा आखायच्या आणि त्या वाटेत जे घर येतं ते यादीत, मग तिथे शंभर वर्षांत काही घडलेलं असो नसो. "आमच्या आजोबांच्या काळापासून काही झालं नाही" हे मी प्रत्येक गावात ऐकलंय आणि ते खरंच असतं, पण डोंगराच्या हिशोबात आजोबा म्हणजे काल.

नकाशाची मर्यादाही सांगते. कुठे होऊ शकतं ते तो सांगतो, कधी ते सांगत नाही. कधी यासाठी पाऊस मोजायला लागतो, आणि तोही त्याच डोंगरावर, कारण खाली तालुक्याला १०० मिलिमीटर पडला तरी माथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडू शकतो. मातीच्या कणांमधल्या जागेत पाणी भरत जातं, ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलतं, घर्षण कमी होतं आणि एका क्षणी वजन जिंकतं. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस किती पडला हे त्या रात्रीच्या पावसाइतकंच बघावं लागतं. पावसाचा साधा मोजणारा डबा, तो रोज वाचणारा गावातलाच कुणी पोरगा किंवा पोरगी, आणि इतका आकडा गेला की कुणाला न विचारता खाली शाळेत जायचं असं आधीच ठरलेलं, एवढं असलं तरी जीव वाचतात. यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही.

प्रश्न: झाडं लावली तर दरड थांबते ना?

उत्तर: वरवरची थांबते, खोलवरची नाही. मुळं साधारण वरच्या एक-दोन मीटर मातीला धरून ठेवतात, पाणीही ओढतात, त्यामुळे पातळ थर घसरायचा असेल तर झाडांनी खूप फरक पडतो आणि झाडं तोडली की मुळं कुजायला काही वर्षं जातात, म्हणून तोडल्यावर लगेच काही झालं नाही याचा अर्थ झालंच नाही असा घेऊ नका. पण घसरायची जागा दहा मीटर खाली असेल तर झाडं दरडीबरोबर उभीच्या उभी खाली येतात. झाडं जरूर लावा, कटिंग करायचा परवाना म्हणून त्यांच्याकडे बघू नका.

प्रश्न: मी स्थानिक संस्थेत निवडून आलेय. आमच्याकडे डोंगर आहे, बिल्डर आहेत, लोकांनाही घरं हवीत. नकाशा आलाय, कपाटात आहे. बांधकाम पूर्ण बंद करणं शक्य नाही. मग करायचं काय?

उत्तर: कपाटातून काढून बांधकाम परवानगीच्या टेबलावर ठेवायचा, मनापासून सांगते, निम्मं काम तिथेच आहे. परवानगीच्या फाइलमध्ये पहिलं पान नकाशाचा तुकडा असला पाहिजे, प्लॉट आणि त्याच्या वरचा डोंगर दोन्ही दिसणारा, आणि तो नसेल तर फाइल पुढे सरकणार नाही एवढाच ठराव करून घ्या.

पूर्ण बंद करायची गरज नाही, हे दुसऱ्यांनी करून दाखवलंय. हाँगकाँग सगळं डोंगरावरच आहे. १८ जून १९७२ ला एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळले, सौ माउ पिंगला ७१ आणि पो शान रोडला ६७ माणसं गेली, मग १९७६ मध्ये सौ माउ पिंगलाच पुन्हा १८. त्यानंतर १९७७ मध्ये त्यांनी उतारांसाठी वेगळं सरकारी खातं काढलं. माणसाने केलेला प्रत्येक मोठा उतार, प्रत्येक कटिंग, प्रत्येक भराव नोंदवला, आज अशी साधारण ६०,००० नोंद आहे आणि उतारावर चक्क नंबराची पाटी असते. तो कुणाच्या मालकीचा, देखभाल कुणी करायची, सगळं त्या नंबरावर. घरं बांधणं थांबलं नाही, मृत्यू मात्र खूप कमी झाले. मला यातली पाटीची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण आपल्याकडे कटिंग केली की ती कुणाचीच नसते. बिल्डर निघून जातो, सोसायटीला माहिती नसतं की मागची भिंत आपली, आणि भिंतीतली पाणी बाहेर पडायची भोकं कुणीतरी सिमेंटने बुजवून टाकतं कारण तिथून गढूळ पाणी येऊन पार्किंग खराब होतं. पाणी मागे कोंडतं आणि भिंत आडवी होते.

जपानमध्ये जून १९९९ ला हिरोशिमा भागात दरडी कोसळल्यावर २००० मध्ये कायदा झाला. दोन पट्टे केले. पिवळ्या पट्ट्यात घर चालेल पण पळून जायची व्यवस्था आणि सूचना हवी. लाल पट्ट्यात नवीन वसाहतीला परवानगी लागते आणि घर मार सहन करेल असं बांधावं लागतं. चांगला कायदा. तरी ऑगस्ट २०१४ मध्ये हिरोशिमातच सत्तरहून जास्त माणसं गेली, कारण धोक्याच्या कितीतरी जागांना पट्टे जाहीरच झाले नव्हते. जाहीर केले तर जमिनीचे भाव पडतील ही भीती तिथेही आडवी आली होती. त्याच वर्षी कायदा बदलून पाहणीचे निकाल लोकांसमोर ठेवणं बंधनकारक केलं. तुमच्यावरही नेमका हाच दबाव येणार आहे. लोक येतील, म्हणतील रंग बदला. तेव्हा त्यांना सांगा की मातीची तपासणी करून, बोअर मारून, पाण्याची पातळी मोजून तुमचा उतार चांगला निघाला तर रंग नक्की बदलू. नुसत्या अर्जावर बदलायचा नाही.

आणि एक करा, जुने रिपोर्ट शोधा. जोशीमठबद्दल १९७६ मध्येच मिश्रा समितीने सांगितलं होतं की गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, जड बांधकामं नकोत, उतारावरचे धोंडे खणून काढू नका, सुरुंग लावू नका. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना भेगा गेल्या तेव्हा तो रिपोर्ट सगळ्यांना आठवला. तुमच्या कपाटात नकाशाच्या शेजारी असं काही पडलंय का ते बघाच.

लाल भागात आधीच राहणाऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तेच सगळ्यात अवघड आहे. त्यांना नोटीस चिकटवून मोकळं होऊ नका. दरवर्षी पावसाळ्यात नोटीस द्यायची आणि दुसरी जागा द्यायची नाही, यात कागद पूर्ण होतो, माणूस तिथेच राहतो. दुसरी जागा शेतापासून, रोजगारापासून किती लांब आहे ते त्यांच्याबरोबर चालून बघा, नाहीतर चार महिन्यांत लोक परत वर येतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न: आमच्या घरामागच्या उतारावर मागच्या आठवड्यापासून एक भेग पडलीय, कमानीसारखी वाकडी, वीस-पंचवीस पावलं लांब. स्वयंपाकघराचं दार हल्ली घासतं. शेजारी म्हणतात माती सुकून फाटलीय. फोटो पाठवतेय. घाबरायचं कारण आहे का?

उत्तर: आहे. तुम्हाला मी आधीच फोन केलाय, पण अशीच भेग बघणारे आणखी वाचक असतील म्हणून इथे लिहिते.

सुकून फाटलेल्या जमिनीत भेगा जाळीसारख्या असतात, सगळीकडे, बारीक. उताराच्या वरच्या बाजूला एकच लांब भेग, दोन्ही टोकं खाली वळलेली, आणि भेगेच्या खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा बोटभर तरी खचलेली, ही दरडीची सुरुवात असते. तुमच्या फोटोत खालची बाजू खचलेली दिसतेय. दार घासणं हे त्याच्याबरोबरचंच, चौकट वाकडी होते म्हणून. याशिवाय विजेचा खांब किंवा झाड तिरकं होणं, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं, वाहता झरा बंद होऊन दुसरीकडेच पाणी फुटणं, पायथ्याशी जमीन फुगून वर येणं, यातलं काहीही दिसलं तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. पाऊस जोरात असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं तर ते सगळ्यात वाईट, वर कुठेतरी मलब्याने पाणी अडवलंय, ओढ्यापासून लगेच बाजूला व्हा, आडवे पळा, ओढ्याच्या दिशेने खाली नाही.

कोरडं असेल, ऊन असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, खुंट्यांच्या डोक्यावर खिळा मारा आणि रोज ठरलेल्या वेळी दोन खिळ्यांमधलं अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहा. अंतर रोज सारखंच वाढत असेल तर वाईट, रोज आधीच्या दिवसापेक्षा जास्त वाढत असेल तर वही तिथेच ठेवून निघा. पावसात मोजायला जाऊ नका. भेग मोकळी ठेवू नका, तिच्यातून पाणी थेट आत जातं, चिकणमाती ठोकून भरा आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री टाका, वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा. लेखी तक्रार द्या, फोटो आणि वहीची पानं जोडून, पोच घ्या. हे सगळं दरड थांबवायला नाही, तज्ज्ञ येईपर्यंत वेळ मिळायला आहे.

फोनवर सांगायचं राहिलं ते इथे सांगते. तुमच्या तिसऱ्या फोटोत वरच्या टाकीचा काळा पाइप भेगेवरून आडवा गेलेला दिसतोय आणि त्याच्या जॉइंटखाली जमीन ओली आहे. ती टाकी आजच रिकामी करा आणि पाइप तिथून काढा.